जप्त जनावर, मालक आणि न्यायालय

हेळसांडीच्या कारणावरून जनावर जप्त झाले की मालकापुढे दोन वाद उभे राहतात. एक त्याच्या दोषाचा, दुसरा जनावराच्या ताब्याचा. पहिल्या वादाचे स्वरूप ऐकायला गंभीर, पण शिक्षा किरकोळ. प्राण्यांना क्रूरपणे वागविण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या कायद्यात कलम ११ खाली पहिल्या गुन्ह्याला किमान १० आणि कमाल ५० रुपये दंड आहे. तीन वर्षांच्या आत पुन्हा गुन्हा केला तर २५ ते १०० रुपये दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. दुसऱ्या वादात मात्र लाखाच्या घरातली बैलजोडी किंवा दुभती गाय अडकलेली असते आणि तिच्या चाऱ्यापाण्याचा खर्च रोज चढत असतो. म्हणून या विषयातली खरी लढाई निर्दोषत्वाची नसून ताब्याची आहे. तीही बहुधा खटला उभा राहण्याच्या आधी, तालुक्याच्या न्यायालयात, एका साध्या अर्जावर लढली जाते. वरच्या न्यायालयात जे जाते ते त्या अर्जाचे पुढचे पाऊल असते.

अहिल्यानगर जिल्ह्यात, म्हणजे २०२४ पर्यंतच्या अहमदनगरमध्ये, हा विषय पुस्तकी नाही. चौदा तालुक्यांच्या या जिल्ह्यात एका टोकाला अकोल्याचा घाट आणि तिथली डांगी जनावरे, मध्ये प्रवरेच्या पाटपाण्यावरचा ऊस व दूधधंदा, आणि पूर्व-दक्षिणेला पाथर्डी, जामखेड, कर्जत हा पाऊस हुलकावणी देणारा पट्टा. हेळसांडीचे रूप प्रत्येक पट्ट्यात वेगळे दिसते. ऊसतोडीच्या हंगामात गाडीवर झेपेल त्याहून जास्त ऊस रचला जातो. बैलाच्या मानेवर खांदेसूज येते, तरी जू उतरत नाही, कारण टोळीने उचल घेतलेली असते. ओढकामाच्या जनावरांसाठी केंद्राने १९६५ मध्येच नियम केले: दिवसात नऊ तासांहून अधिक काम नको, विश्रांतीशिवाय सलग पाच तासांहून अधिक नको, पारा ३७ अंशांवर गेला असेल तर दुपारी बारा ते तीन जुंपायचे नाही, अणकुचीदार पराणी वापरायची नाही. कारखान्याच्या रस्त्यावर हे नियम वाचलेला गाडीवान शोधूनही सापडणार नाही, आणि ते पाळायला लावणारा अधिकारीही क्वचितच.

दूधपट्ट्यातली अडचण निराळी. संकरित गाईला झालेला गोऱ्हा शेतीकामाला फारसा चालत नाही. २०१५ पासून राज्यात बैल व वळू यांच्या कत्तलीवरही बंदी आहे, त्यामुळे त्याला गिऱ्हाईक नाही. भाकड गाईचेही तेच. अशी जनावरे गोठ्याच्या कडेला अर्धपोटी बांधलेली असतात, नाहीतर रात्री दूर नेऊन सोडली जातात. कलम ११ मध्ये मालकाने पुरेसे अन्न, पाणी, निवारा न देणे हा गुन्हा आहे, आणि सबळ कारणाशिवाय जनावर वाऱ्यावर सोडणे हाही. दुष्काळात मात्र हीच कलमे अवघड होतात. २०१२-१३ आणि २०१८-१९ मध्ये या जिल्ह्यात ठिकठिकाणी चारा छावण्या उघडाव्या लागल्या. छावणीत जनावर आणून बांधणारा आणि घरी उपाशी ठेवणारा यांच्या खिशात सारखीच टंचाई असू शकते, पण कायद्याच्या नजरेत दोघे वेगळे. पोटकलम ११(२) प्रमाणे मालकाने वाजवी काळजी व देखरेख ठेवली नाही तर तो दोषी धरला जातो. वाजवी काय, हे परिस्थिती पाहून ठरवायचे असते, आणि मालकाच्या वकिलाचा पहिला मुद्दा इथेच सुरू होतो.

जनावर अडकवून ठेवण्याची कल्पना गावाला नवी नाही. कोंडवाडा चालतो तो १८७१ च्या गुरे अतिक्रमण कायद्याने. पीक खाणारे जनावर त्यात घालायचे, दंड व खुराकीचा खर्च भरून मालकाने सोडवायचे. त्या जुन्या कायद्यातही मालकाला दाद होती: जप्ती बेकायदा असेल तर दहा दिवसांत दंडाधिकाऱ्याकडे तक्रार, आणि जास्तीत जास्त १०० रुपये भरपाई. पांजरपोळ त्याहून वेगळ्या प्रेरणेतून आले. मुंबईतल्या भुलेश्वरचे पांजरपोळ १८३४ चे, सर जमशेटजी जिजीभाई आणि अमीचंद शहा यांच्या पुढाकाराने उभे राहिलेले. पुढे ब्रिटिश सरकारने १८९० मध्ये क्रूरताप्रतिबंधाचा कायदा केला. तो रद्द करून आलेला १९६० चा कायदा रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी राज्यसभेत लावून धरलेल्या मागणीचे फळ. आजची जप्ती या दोन परंपरांच्या मिश्रणातून होते. सत्ता कोंडवाड्याची, भाषा पांजरपोळाची.

जप्तीचा मुख्य आधार कलम ३४. शिपायाच्या वरच्या दर्जाचा पोलीस अधिकारी किंवा राज्य शासनाने अधिकृत केलेली व्यक्ती, गुन्हा घडतो आहे असे मानण्यास कारण असेल तर जनावर ताब्यात घेऊन जवळच्या दंडाधिकाऱ्यापुढे किंवा पशुवैद्यकीय अधिकाऱ्यापुढे तपासणीसाठी नेऊ शकते. यात दोन गोष्टी ध्यानात घ्यायच्या. पहिली, रस्त्यात टेंपो अडवणारा कार्यकर्ता स्वतः जप्ती करू शकत नाही. तो माहिती देऊ शकतो, ताबा पोलिसांनी किंवा शासनाने अधिकृत केलेल्या व्यक्तीनेच घ्यायचा. दुसरी, उपासमारीचा गुन्हा अदखलपात्र आहे. त्यात दंडाधिकाऱ्याच्या आदेशाशिवाय पोलिसांना तपास करता येत नाही. त्यामुळे फिर्यादीत अनेकदा जोडीला दखलपात्र कलमे लावलेली दिसतात: जनावर मारणे वा अपंग करणे याबद्दल भारतीय न्याय संहितेचे कलम ३२५, किंवा १९७६ चा महाराष्ट्र प्राणी संरक्षण अधिनियम. ती कलमे प्रथमदर्शनी टिकतात का, हे वरच्या न्यायालयात पहिल्यांदा तपासले जाते. कारण ती गळाली तर उरते ५० रुपये दंडाची फिर्याद, आणि तीही गुन्ह्यापासून तीन महिन्यांत दाखल झाली पाहिजे असे कलम ३६ सांगते.

पुढचे सगळे दोन कागदांवर उभे असते. पहिला जप्ती पंचनामा. त्यात जनावराचे वर्णन मुद्देमालाच्या भाषेत येते: रंग, शिंगांची ठेवण, अंदाजे वय, अंदाजे किंमत, कानातल्या बिल्ल्याचा क्रमांक. हा बारा आकडी पिवळा बिल्ला मालकाच्या बाजूचा सर्वांत भक्कम पुरावा ठरतो, कारण नोंदणीत त्या आकड्यापुढे मालकाचे नाव असते. घोडेगाव, लोणी किंवा काष्टीच्या बाजारात घेतलेल्या जनावराची बाजार समितीची पावती असेल तर ती जोडतात, पण पावतीवर “एक बैल, पांढरा” एवढेच लिहिलेले असते, आणि पांढरे बैल तालुक्यात हजारो. बिल्ला नसेल, किंवा पंचनाम्यात त्याचा आकडा उतरवलाच नसेल, तर जनावर आपलेच हे सिद्ध करण्यातच मालकाच्या तारखा संपतात.

दुसरा कागद पशुधन विकास अधिकाऱ्याचा तपासणी अहवाल. अंगावर मांस किती, बरगड्या दिसतात का, मानेवर, नाकपुडीत वेसणीच्या जागी, पायाच्या सांध्यांवर जखमा आहेत का, त्या ताज्या की जुन्या, जनावर उभे राहते का, रवंथ करते का, या नोंदी त्यात हव्यात. “जनावरे अशक्त आढळली” एवढ्या एका ओळीचा अहवाल सरकार पक्षाला नडतो. “खांद्यावर चिघळलेली जखम, तिच्यावर जू ठेवल्याच्या खुणा” अशी नोंद मालकाला नडते. अहवालाची तारीख तितकीच महत्त्वाची. जप्तीनंतर आठ दिवसांनी केलेल्या तपासणीत दिसलेली रोडावलेली प्रकृती मालकाकडची की नंतरची, हा प्रश्न कोणताही वकील विचारतोच.

जनावराची रवानगी मग पांजरपोळात किंवा गोशाळेत होते. संगमनेर परिसरात ती सायखिंडीच्या पांजरपोळात झाल्याच्या बातम्या स्थानिक वृत्तपत्रांत नेहमी दिसतात. इकडे मालक प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्याकडे मुद्देमाल परत मिळण्याचा अर्ज करतो. पूर्वी तो फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ४५१ किंवा ४५७ खाली असे. १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेची कलमे ४९७ आणि ५०३ त्या जागी आली आहेत. नव्या संहितेत मुदतीही आल्या: मुद्देमाल हजर झाल्यापासून चौदा दिवसांत त्याचे वर्णनपत्र, छायाचित्रे, आणि त्यानंतर तीस दिवसांत ताबा किंवा विल्हेवाटीचा आदेश. अर्जावर पोलिसांचे आणि सरकारी अभियोक्त्याचे म्हणणे मागवले जाते. पांजरपोळही आपले म्हणणे घेऊन उभे राहते. अर्ज मंजूर झाला तर सुपूर्तनाम्यावर ताबा मिळतो. जनावर विकणार नाही, सांगाल तेव्हा हजर करीन, नीट सांभाळीन, अशी हमी त्यात असते.

इथे मालकाचे वकील सर्वोच्च न्यायालयाच्या २००२ च्या सुंदरभाई अंबालाल देसाई निकालाचा आधार घेतात: जप्त माल पोलीस ठाण्यात सडत ठेवू नये, योग्य बंधपत्र घेऊन लवकर परत द्यावा. निकाल वाहने, दागिने, रोकड अशा मालाबद्दलचा. जनावर त्या यादीत बसवणे ओढाताणीचे आहे. ट्रक परत दिला तर तो मालकाकडे उपाशी राहत नाही. जनावरांसाठी खरा मार्गदर्शक निकाल १९९८ चा, गुजरातेतील देवदर पांजरपोळाच्या व्यवस्थापकाच्या प्रकरणातला. १९६० च्या कायद्याच्या कलम ३५ मध्ये दंडाधिकारी जनावर उपचारगृहात किंवा पांजरपोळात पाठवू शकतो असे म्हटले आहे. पाठवलेच पाहिजे असे नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने सांगितले. मालक ताबा मागत असताना पांजरपोळाला आपोआप अग्रहक्क मिळत नाही. ठरवताना पाहायचे ते असे: आरोपाचे स्वरूप व गांभीर्य, मालकावर हा पहिलाच खटला की आधी शिक्षा झालेली आहे, तपासणीच्या व जप्तीच्या वेळी जनावराची स्थिती, आणि परत दिल्यास पुन्हा क्रूरता होण्याचा संभव. पहिल्यांदाच आरोप झालेल्या मालकाची बाजू या कसोटीत वजनदार ठरते. खालच्या न्यायालयाने या मुद्द्यांचा उल्लेखही न करता छापील आदेश दिला असेल, तर तो वरच्या न्यायालयात टिकणे कठीण.

मात्र ही मोकळीक प्रत्येक जनावराला सारखी नाही. महाराष्ट्र प्राणी संरक्षण अधिनियमात १९९५ ची दुरुस्ती राष्ट्रपतींच्या संमतीनंतर मार्च २०१५ मध्ये अमलात आली. अधिनियमाच्या दुरुस्त कलम ८ प्रमाणे त्या कायद्याखाली जप्त झालेली गाय, वळू किंवा बैल खटला चालू असेपर्यंत जवळच्या गोसदन, गोशाळा, पांजरपोळ वा तत्सम संस्थेकडे द्यायचे आणि त्यांच्या पालनाचा खर्च न्यायालयाच्या आदेशाप्रमाणे आरोपीने द्यायचा. म्हैस, रेडा त्यात नाहीत. त्यामुळे एकाच बाजारातून निघालेल्या दोन गाड्यांपैकी म्हशींच्या गाडीचा मालक देवदरच्या कसोट्या सांगू शकतो, तर बैलांच्या मालकाला आधी आपल्यावर हा राज्य कायदा लावणेच चूक होते हे दाखवावे लागते. त्याचा युक्तिवाद ठरलेला: जनावर कत्तलीला नव्हे, शेतीला चालले होते. पावती, सातबारा, वाहतुकीसाठी घेतलेला पशुवैद्यकाचा दाखला हे त्याचे पुरावे. १९७८ च्या वाहतूक नियमांप्रमाणे मालवाहू गाडीत सहापेक्षा अधिक गुरे नकोत. दहा भरली असतील तर हेतू शेतीचा असूनही क्रूरतेचा आरोप उरतोच. याच राज्य कायद्यातले एक कलम निर्दोषत्व सिद्ध करण्याचा भार आरोपीवर टाकत होते. ते मुंबई उच्च न्यायालयाने ६ मे २०१६ च्या निकालात घटनाबाह्य ठरवले.

केंद्राच्या २०१७ च्या नियमांनी मालकाची वाट आणखी अरुंद केली. खटल्यातील मुद्देमाल जनावरांच्या देखभालीचे हे नियम २३ मे २०१७ रोजी अधिसूचित झाले. जनावराची तपासणी व खूण करायची, डागण्या द्यायच्या नाहीत, दंडाधिकाऱ्याने ते संस्थेकडे ठेवावे, खर्चाचे बंधपत्र मालकाकडून घ्यावे, वाहतुकीत पकडले असेल तर वाहनमालक, पाठवणारा व घेणारा हे सगळे मिळून जबाबदार, अशा तरतुदी त्यात आहेत. प्रश्न उभा राहिला तो मूळ कायद्याच्या कलम २९ शी तुलना केल्यावर. त्या कलमाप्रमाणे मालकी हिरावून घ्यायची तर आधी दोष सिद्ध व्हावा लागतो, आणि शिवाय पूर्वीची शिक्षा, मालकाचे वर्तन किंवा जनावराला मिळालेली वागणूक यांच्या पुराव्यावरून पुन्हा क्रूरतेची शक्यता दिसावी लागते. म्हशींच्या व्यापाऱ्यांच्या संघटनेने हे नियम सर्वोच्च न्यायालयात आव्हानले. ४ जानेवारी २०२१ च्या सुनावणीत तत्कालीन सरन्यायाधीश शरद बोबडे यांच्या खंडपीठाने नियम कायद्याशी विसंगत दिसतात असे सांगून केंद्राला ते बदलण्याबाबत सुनावले, नाहीतर स्थगिती देऊ असेही बजावले. जनावरे हे त्या माणसांच्या उपजीविकेचे साधन आहे, या मुद्द्यावर त्या सुनावणीचा भर होता. मालकांच्या अर्जांत या सुनावणीचा दाखला आता वारंवार येतो.

अर्ज फेटाळला गेला तर पुढे काय, यात लोकांचा सर्वाधिक घोळ होतो. ताब्याच्या अंतरिम आदेशावर अपील नाही. सत्र न्यायालयात फेरतपासणी अर्ज करायचा, पूर्वीच्या संहितेच्या कलम ३९७ खाली, आता नव्या संहितेच्या ४३८ खाली, नव्वद दिवसांत. त्यालाही सरकार पक्ष हरकत घेतो की आदेश अंतरिम आहे, म्हणून फेरतपासणीच चालत नाही. उत्तर असे दिले जाते की ताबा हा मालकाच्या हक्काचा प्रश्न असून त्यापुरता निकाल अंतिमच आहे. उच्च न्यायालयांची मते यावर एकसारखी नाहीत, म्हणून सावध वकील पर्यायी मार्ग हाताशी ठेवतात. अहिल्यानगर जिल्हा मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाच्या कक्षेत येतो. तिथे कलम ५२८ खालील अर्ज, म्हणजे जुना ४८२, किंवा रिट याचिका दाखल होते.

खटल्याच्या शेवटी शिक्षा झाली, तर एक चमत्कारिक अडचण येते. प्रथमवर्ग दंडाधिकाऱ्याने केवळ १०० रुपयांपर्यंतचा दंड केला असेल तर त्यावर अपील करता येत नाही, असे नव्या संहितेचे कलम ४१७ सांगते. म्हणजे ५० रुपयांच्या दंडाने डागलेल्या मालकाला दोषाविरुद्ध सरळ अपीलच नाही. उरते ती फेरतपासणी. दंडाच्या जोडीला दुसरी शिक्षा असेल तर मात्र अपील चालते, आणि १९६० च्या कायद्याच्या कलम २९ खाली जनावर सरकारजमा करणे ही तशी जोडशिक्षा होय असा युक्तिवाद करायला जागा आहे. शिवाय मुद्देमालाच्या अखेरच्या विल्हेवाटीवर नव्या संहितेच्या कलम ५०० प्रमाणे स्वतंत्र अपील आहे. व्यवहारात तेच अधिक कामाचे, कारण भांडण जनावराचे असते.

महाराष्ट्रात असे वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले ते हत्तींच्या बाबतीत. कोल्हापूर जिल्ह्यातील सुंदर हा हत्ती २००७ मध्ये आमदार विनय कोरे यांनी जोतिबा देवस्थानाला दिलेला. त्याला साखळदंडात ठेवून मारहाण होत असल्याच्या तक्रारींनंतर शासनाने २०१२ मध्ये त्याच्या स्थलांतराचा आदेश काढला. तो अमलात यायला २०१४ उजाडले. मुंबई उच्च न्यायालयात आणि मग सर्वोच्च न्यायालयात कोरे हरले, आणि सुंदर बन्नेरघट्टाच्या प्राणी उद्यानात गेला. दुसरे प्रकरण शिरोळ तालुक्यातील नांदणीच्या जैन मठातल्या महादेवी ऊर्फ माधुरीचे. १९९२ पासून मठात असलेल्या या हत्तिणीच्या पायांचे आजार, जखमा व एकटेपणा यांची नोंद घेऊन न्यायालयनियुक्त उच्चाधिकार समितीने तिला जामनगरच्या हत्ती केंद्रात हलवण्याची शिफारस केली. मठाची याचिका उच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये फेटाळली, सर्वोच्च न्यायालयानेही दिलासा दिला नाही, आणि महिनाअखेर हत्तीण गेली. मग नांदणी ते कोल्हापूर हजारोंचा मूक मोर्चा निघाला आणि शासनालाही मठाच्या बाजूने उभे राहावे लागले. दोन्ही प्रकरणांत न्यायालयाने मालकी किंवा धर्मपरंपरा नाकारली नाही. जनावराचे हित त्यांच्या वर ठेवले, आणि त्या हिताचा निर्णय पशुवैद्यकांच्या अहवालांवरून केला. सायखिंडीला पाठवलेल्या बैलाच्या मालकाला या निकालांचा उपयोग एवढाच, की अहवालाला अहवालानेच उत्तर द्यावे लागते.

खर्चाचा मुद्दा शेवटपर्यंत मागे लागतो. १९६० च्या कायद्याच्या कलम ३५ प्रमाणे वाहतूक, पालन व उपचार यांचा खर्च जिल्हा दंडाधिकाऱ्याने ठरवलेल्या दराने मालकाने द्यायचा, न दिल्यास तो जमीन महसुलाच्या थकबाकीसारखा वसूल होतो. याच तरतुदीला एक परंतुक आहे, ज्याकडे तालुका न्यायालयांत क्वचितच कोणी लक्ष वेधतो: मालक गरीब असल्यास दंडाधिकारी उपचाराचा खर्च माफ करू शकतो. पाथर्डीच्या ऊसतोड कामगाराला किंवा जामखेडच्या कोरडवाहू शेतकऱ्याला लागू पडणारी ही तरतूद अर्जात पहिल्याच तारखेला मागायला हवी. बिल साचल्यावर मागितली तर पांजरपोळाचा विरोध साहजिक असतो.

उपचारगृहातले जनावर पशुवैद्यकाच्या दाखल्याशिवाय बाहेर पडत नाही. न्यायालयाने दिलेल्या मुदतीत मालकाने ते नेले नाही, तर दंडाधिकारी विक्रीचा आदेश देऊ शकतो. विक्रीतून खर्च वळता करून काही उरले, तर ते मालकाचे. पण विक्रीच्या तारखेपासून दोन महिन्यांच्या आत त्याने अर्ज केला तरच. निर्दोष सुटलेल्या मालकाला २०१७ चे नियम जनावर आणि बंधपत्राची न वापरलेली रक्कम परत देतात. खटल्यादरम्यान जनावर मेले असेल, तर संस्थेने शवविच्छेदनाचा अहवाल आणि कानातला बिल्ला दाखवणे अपेक्षित असते. बिल्ल्याचा आकडा पंचनाम्याशी जुळला नाही, तर मालकाचा दावा तिथून नव्याने सुरू होतो.